खाचेतील मोकळी जागा

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी वसलेले तळोदे हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे धुळे आणि जळगाव हे दोन्ही भाग एकाच खानदेश जिल्ह्यात मोडत होते त्या काळी, इमारती लाकडाची मुख्य पेठ म्हणून सरकारदप्तरी नोंदले गेले; खानदेशातील उत्तम बैलगाड्या येथेच होतात आणि एका गाडीला सुमारे ४० रुपये पडतात, अशीही नोंद त्या दप्तरात आहे. १९०६ साली खानदेशाची विभागणी होऊन तळोदे पश्चिम खानदेशात गेले, आणि १ जुलै १९९८ पासून ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. कपाटाच्या दाराची कुळकथा सांगताना बैलगाडीपासून आरंभ करावा लागतो, कारण कापलेले लाकूडही हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते, हे ज्ञान या मुलखातील सुतारास कपाटाच्या कितीतरी आधी चाकाने दिले.

चाकाच्या लाकडी घेरावर लोखंडी धाव तापवून चढवावी आणि वर पाणी ओतून ती आवळून घ्यावी, ही रीत सर्वांच्या परिचयाची आहे; परंतु चैत्र-वैशाखात, पारा चाळिसाच्या वर जाऊन हवा कोरडी ठणठणीत झाली म्हणजे, तेच लाकूड सुकून धाव सैल पडते, आरे तुंब्यात हलू लागतात, आणि गाडीवानास चाके पाण्यात भिजत ठेवावी लागतात. चाकात लाकडाची ही हालचाल बंधनात ठेवून कामास लावली जाते. कपाटात मात्र तिला वाट करून द्यावी लागते, आणि हा दुसरा मार्ग मला अधिक सूक्ष्म विचाराचा वाटतो.

सागाची ओली फळी पूर्ण शुष्क होईपर्यंत वार्षिक वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसते, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने अवघी २.५ टक्के, आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ मुळीच नाही. साग हे या बाबतीत अत्यंत सात्त्विक लाकूड होय. तरीही उन्हाळा आणि श्रावण यांच्यामध्ये फळीतील ओलाव्यात आठ टक्क्यांचे अंतर पडले, तर स्पर्शरेषेत चिरलेली दीड फूट रुंदीची फळी सुमारे पाव इंच मागेपुढे होते. अशी फळी चारी बाजूंनी खिळून किंवा सरसाने जखडून टाकली, तर पावसाळ्यात ती चौकटीचे सांधे उसकटते आणि उन्हाळ्यात स्वतः मधोमध तडकते.

यावरील उपाय, म्हणजे पक्की चौकट आणि तिच्यात मोकळी बसणारी फळी, पुरातन आहे. रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हित्रुव्हियस याने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात देवालयांच्या दारांची प्रमाणे देताना उभे-आडवे अवयव आणि त्यांच्यामध्ये बसणाऱ्या फळ्या यांचा वेगवेगळा विचार केला आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेईतही अशा दारांचे ठसे सापडले आहेत. उत्तर युरोपात ही रचना पंधराव्या शतकात सार्वत्रिक झाली. आपल्याकडे भिंतीतले फडताळ आणि पेटारा यांवर घरोघर भागत असता, कोर्ट-कचेऱ्यांच्या सामानाबरोबर दिलहेदार कपाटे रूढ झाली: अरुंद पट्ट्यांची चौकट कुसू आणि भोक यांनी पक्की सांधावयाची, आणि मधली रुंद फळी, म्हणजे दिलहा, चौकटीच्या खाचेत सरसाविना मोकळी सोडावयाची. पट्टी अरुंद असल्यामुळे तिची हालचाल नगण्य, आणि दिलहा मोकळा असल्यामुळे त्याची हालचाल निरुपद्रवी.

याच सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरातील पावरा आणि भिल्ल घरांत सागाच्या मेढी व आढे भार वाहतात आणि बांबूचा कूड केवळ जागा भरतो. या घरांचा आणि कपाटाचा वंशसंबंध जोडण्याचे धाडस मी करीत नाही, परंतु भार एकाने वाहावा आणि पोकळी दुसऱ्याने भरावी ही विभागणी या प्रदेशास नवी नव्हती, हे निश्चित आहे.

आता प्लायवूडने हा प्रश्न बहुतांशी मिटविला आहे. एकावर एक आडव्या-उभ्या रेषांचे थर चिकटविल्यामुळे ते फारसे हलतच नाही. परंतु सागाचे भरीव दार करवून घेणाऱ्याने सुताराकडे दोन गोष्टींची चौकशी अवश्य करावी. पहिली, दार कोणत्या महिन्यात बनत आहे ही. कारण वैशाखात बसविलेल्या दिलह्यास खाचेत फुगण्यापुरती रुंदी राखून ठेवावी लागते, तर श्रावणात बसविलेला दिलहा जवळजवळ भिडवून चालतो, मात्र पुढे आकसला तरी बाहेर निसटू नये इतका तो खाचेत खोल असावा लागतो. दुसरी, दिलह्याच्या कडांना पॉलिश चौकटीत बसविण्यापूर्वी दिले आहे की नाही ही. कारण ते राहून गेले, तर पुढच्या उन्हाळ्यात फळी आकसताच खाचेच्या तोंडाशी कोऱ्या लाकडाची फिकट रेघ उघडी पडते, आणि दार न उतरविता ती नीट झाकता येत नाही.