केडगाव, १९०५ : नावं घेऊन केलेली प्रार्थना

मुक्ती मिशनचं नाव निघालं की १९०५ च्या जूनअखेरची ती रात्र हमखास सांगितली जाते. एका मुलीला आगीनं वेढल्यासारखं दिसलं आणि दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, वगैरे. मला मात्र त्याआधीच्या सहा महिन्यांबद्दल बोलायचंय.

वेल्समधल्या संजीवनाच्या बातम्या येत होत्या. जानेवारीत पंडिता रमाबाईंनी विचारलं, रोज एकत्र प्रार्थनेला कोण येईल? सत्तर जणी पुढे आल्या. मागणं होतं हिंदुस्थानातल्या सगळ्या ख्रिस्ती लोकांच्या खऱ्या हृदयपरिवर्तनाचं, आणि त्यात स्वतःलाही धरलेलं. हे मला मोठं वाटतं. दुसऱ्यासाठी प्रार्थना करताना आपण नकळत एक पायरी वर उभे राहतो; रमाबाईंनी ती पायरीच काढून टाकली. जूनपर्यंत संख्या साडेपाचशेवर गेली, आणि बैठक दिवसातून दोनदा.

या कोण होत्या? बऱ्याच जणी १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांतून वाचवून आणलेल्या. कालपर्यंत ज्या दुसऱ्यांच्या दयेचा विषय होत्या, त्या आता दुसऱ्यांसाठी मागत होत्या.

संजीवनाची लाट ओसरते, तशी तीही ओसरली. पण १९०७ मध्ये रमाबाई लिहितात की बायबल शाळेच्या सुमारे सहाशे विद्यार्थिनी आणि काही कार्यकर्त्या सकाळ-संध्याकाळ जमतात आणि रोज २९,००० हून अधिक माणसांसाठी नाव घेऊन प्रार्थना करतात. गणित करून बघा. सारखी वाटणी धरली तर एकेकीच्या वाट्याला अठ्ठेचाळीसच्या आसपास नावं. त्यांतली बहुतेक माणसं तिनं कधी पाहिलेलीही नसणार. उद्या पुन्हा तीच नावं. यात कसली बादली नि कसली आग! पण चिकाटी म्हणतात ती हीच, असं माझं मत.

आणि प्रार्थना म्हणजे निरुपद्रवी गोष्ट, असंही समजू नका. पुण्यात शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३ मध्ये केवढं वादळ उठलं! रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकसुद्धा सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांची तक्रार पोकळ नव्हती. सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असं ठरलं होतं. रमाबाईंचं म्हणणं, मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करते, कुणाला बोलावत नाही. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय केडगाव समजत नाही.

त्या नावांचं पुढे काय झालं, हे मोजायला इतिहासकाराकडे माप नाही. एक धागा मात्र दाखवता येतो. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी या अनुभवावर लिहिलेलं छोटं पुस्तक चिलीतल्या वालपाराइसोला, त्यांच्या जुन्या वर्गमैत्रिणीच्या घरी पोचलं. तिचे पती विलिस हूवर तिथे मेथडिस्ट पाळक होते. नवरा-बायकोनं ते वाचलं, मंडळीनं प्रार्थना सुरू केली. संजीवन आलं ते १९०९ मध्ये. मधली दोन वर्षं तिथेही नुसती प्रार्थनाच चालू होती.