ईएसआर ४८, पांढऱ्या पेशी ३,१००

गेले आठ महिने संध्याकाळ झाली की ताईला कणकण येते. ताप मोजावा तर ९९च्या आसपास. सांधे दुखतात, सूज मात्र नाही. परवा रिपोर्ट माझ्या हातात आला: ईएसआर ४८, पांढऱ्या पेशी ३,१००. म्हणजे एक आकडा वर आणि दुसरा खाली. अंगात दाह असेल तर पांढऱ्या पेशी सहसा वाढतात ना? दोन लॉग एकमेकांशी भांडतायत म्हटल्यावर आमच्यासारख्याला झोप कुठली! दोन वीकएंड यातच गेले.

ईएसआर किती साधी चाचणी आहे बघा. रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालायचं, उभ्या नळीत भरायचं आणि तासाभरात लाल पेशी किती मिलीमीटर खाली बसल्या ते मोजायचं. बस्स. वॉर्सातल्या एडमंड बिएर्नाट्स्कीने १८९७ मध्ये हे मांडलं. पुढे १९१८ मध्ये स्वीडनच्या रॉबिन फॉरेअसला दिसलं की गरोदर बायकांच्या रक्तातल्या पेशी भराभर खाली बसतात. त्याला वाटलं, दिवस गेलेत का हे ओळखायची युक्ती सापडली! पण इतर आजारांतही तेच होत होतं. आल्फ वेस्टरग्रेनने १९२१ मध्ये क्षयाच्या रुग्णांसाठी ही पद्धत नीट बसवली. त्याचं नाव अजून कित्येक रिपोर्टांवर छापलेलं असतं. दाहात फायब्रिनोजेन वाढतं, लाल पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात आणि लवकर बसतात. थोडक्यात, सर्व्हरचा 'एरर ५००'. बिघाड आहे एवढंच कळतं, कुठे ते नाही.

पांढऱ्या पेशींची गोष्ट जास्त घाबरवणारी आहे. १९२२ मध्ये बर्लिनच्या वर्नर शुल्ट्झने काही स्त्रियांची नोंद केली: घशात व्रण, सणसणीत ताप, रक्तातल्या ग्रॅन्युलोसाइट जवळजवळ गायब, आणि मग मृत्यू. कारण कळेना. १९३४ मध्ये अमेरिकेत मिल्वॉकीच्या मॅडिसन आणि स्क्वायर यांनी ते दाखवलं: अॅमिडोपायरिन नावाचं वेदनाशामक. (आपल्याकडे माहितीचं अॅनाल्जिन हे त्याचं जवळचं नातेवाईक, बरं का.)

ताईच्या दोन आकड्यांचं भांडण मात्र १९४८ मध्ये थोडं सुटतं. मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्हज आणि सहकाऱ्यांना ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत विचित्र पेशी दिसल्या. त्यांनी दुसऱ्या पेशींच्या केंद्रकाचा ऐवज गिळला होता. म्हणजे शरीर स्वतःविरुद्धच उठलेलं. अशा आजारात दाह चालू असताना पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. ती एलई पेशींची तपासणी मागे पडली, आता एएनए करतात. पण हे वाचून मी लगेच ताईला ल्युपस चिकटवून टाकला, हा माझा मूर्खपणा. क्षय, विषाणू, औषधं, सगळं त्याच यादीत आहे.

काल तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एएनए लिहून दिली, पेशी पुन्हा मोजायला सांगितल्या. मी गूगल केलेलं सगळं ऐकवायच्या तयारीत होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"ताई, गोळ्या कुठल्या कुठल्या घेता? मेडिकलमधून आपल्या आपण आणलेल्यासुद्धा सांगा."

ताईने पर्स टेबलावर उलटी केली. सात पाकिटं निघाली. त्यातली तीन आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हती.