वासरांची हगवण व आतड्यांतील जीवाणू
जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात वासरांना होणारा अतिसार. तो गोपालकांचे नुकसान करतो. निरोगी वासराच्या आतड्यात दुधाबरोबर वाढणारी लॅक्टोबॅसिलस, बिफिडोबॅक्टेरियम इ. उपकारक जीवाणूंची विविधता हगवणीत घटते व बहुधा एश्चेरिकिया कोलाय व तत्सम जीवाणूंचा अंमल बसतो. म्हणूनच प्रतिजैविकांचा सरसकट वापर, जो उरलेल्या उपकारकांचाही संहार करतो, सर्वथा गैर होय. मृत्यू मुख्यतः निर्जलीभवनाने व रक्तातील आम्लता वाढून ओढवतो. सबब क्षारयुक्त पाणी प्रथम द्यावे. जन्मतः वासराच्या रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतात; ती त्यास चिकातूनच मिळतात. यास्तव पहिल्या काही तासांतच, वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका चीक त्यास अवश्य पाजावा.