सुट्टीत मुलं सांभाळायची कोणी? इंग्लंडमधल्या ‘हॉलिडे क्लब’चा इतिहास

इंग्लंडमध्ये शाळा सक्तीची कशी झाली, हा इतिहास पुष्कळदा सांगितला जातो. आज आपण त्याच गोष्टीची दुसरी बाजू पाहणार आहोत. शाळा बंद असते तेव्हा मुलांचं काय होतं, आणि त्या दिवसांत मुलांना नीट सांभाळलं जातंय की नाही, हे ठरवलं कोणी आणि कसं?

आपल्याला सुट्टी म्हटलं की आजोळ आठवतं. त्यामुळे सुट्टी हा ‘प्रश्न’ असू शकतो, हेच आधी पटत नाही. पण क्रम नीट बघा. 1870 च्या कायद्याने इंग्लंडमध्ये गावोगावी शाळा उभ्या राहिल्या, 1880 मध्ये हजेरी सक्तीची झाली, 1891 मध्ये बहुतेक प्राथमिक शाळांची फी गेली. त्याआधी गरिबाच्या मुलाला सुट्टी नव्हतीच. ते आईबापांबरोबर कामाला जुंपलेलं असे, नाहीतर धाकट्या भावंडांना सांभाळत असे. शाळेने त्याला दिवसभरासाठी आपल्याकडे घेतलं आणि ऑगस्टमध्ये पुन्हा रस्त्यावर सोडलं. म्हणजे सुट्टीचा प्रश्न शाळेनेच जन्माला घातला.

तो प्रथम हाती घेणाऱ्यांत मेरी वॉर्ड यांचं नाव येतं. त्या काळात त्या ‘मिसेस हम्फ्री वॉर्ड’ या नावाने गाजलेल्या कादंबरीकार होत्या. लंडनच्या ब्लूम्सबरी भागात त्यांनी लोकसेवेचं एक केंद्र चालवलं होतं. तिथे 1902 च्या उन्हाळ्यात त्यांनी ‘व्हेकेशन स्कूल’ भरवलं. नाव शाळेचं, पण धडे नाहीत, परीक्षा नाही. हस्तकला, गाणी, गोष्टी, कवायत आणि बागेतले खेळ. अशा शाळा अमेरिकेतल्या शहरांत आधीपासून होत्या. लंडनला ही गोष्ट नवी होती.

या बाईंचा स्त्रियांच्या मताधिकाराला कडवा विरोध होता. तरी संसदेकडून आपलं काम करून घेण्यात त्या मागे राहिल्या नाहीत. 1907 च्या शिक्षणविषयक कायद्यात त्यांच्या खटपटीमुळे एक कलम आलं. स्थानिक शिक्षणसंस्थांना सुट्टीतल्या शाळा आणि खेळाची केंद्रं चालवण्याची मुभा मिळाली. मुभा, सक्ती नव्हे! हा फरक लक्षात ठेवा. पुढच्या साऱ्या इतिहासात तो आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

त्याच वर्षी ब्रॅडफर्ड या गिरण्यांच्या शहरात एक वेगळी गोष्ट चालली होती. तिथले शालेय वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्रॉली यांनी गरीब वस्तीतल्या सुमारे 40 मुलांना शाळेत जेवण सुरू केलं आणि त्यांची नियमित वजनं घेतली. जेवण चालू असताना वजन वाढे. सुट्टी लागून जेवण थांबलं की काटा खाली येई. त्या वेळी शाळेच्या जेवणाचा 1906 चा कायदा होता, पण तो शाळेच्या दिवसांपुरताच. जणू मुलाला भूकही वेळापत्रक बघूनच लागते! सुट्टीच्या दिवशीही जेवण देण्याची परवानगी 1914 मध्ये आली.

‘सांभाळ’ मोजायचं पहिलं माप असं तराजूतून आलं. मूल खपाटीला गेलं नाही, म्हणजे त्याला चांगलं सांभाळलं. आज हे माप अपुरं वाटेल. पण त्याची एक बाजू भक्कम होती: ते मुलाकडे बघत होतं. संस्थेची कागदपत्रं ते बघत नव्हतं.

आता मधली वर्षं भरभर ओलांडू. दुसऱ्या महायुद्धात बायका कारखान्यांत गेल्या आणि घराची किल्ली खिशात घेऊन फिरणाऱ्या मुलांची चर्चा सुरू झाली. 1948 मध्ये पाळणाघरं आणि घरी मुलं सांभाळणाऱ्या बायका यांच्या नोंदणीचा कायदा झाला. तो मात्र शाळेच्या वयाखालच्या मुलांपुरता होता. पाच वर्षांवरचं मूल शाळेत असतं, असं धरून चाललं होतं. ते सुट्टीत कुठे असतं, हे विचारायला 1989 उजाडावं लागलं.

1989 चा ‘चिल्ड्रन ॲक्ट’ 1991 पासून अमलात आला. आठ वर्षांखालच्या मुलांना दिवसातून दोन तासांहून अधिक सांभाळणाऱ्यांना नोंदणी लागू झाली आणि हॉलिडे क्लब पहिल्यांदा कायद्याच्या नजरेत आले. आता माप बदललं. आठ मुलांमागे एक मोठं माणूस हवं, जागा पुरेशी हवी, माणसं तपासलेली हवीत. 2001 मध्ये ही तपासणी नगरपालिकांकडून ‘ऑफस्टेड’ या शाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय यंत्रणेकडे गेली.

मग सगळं नीट झालं का? इथे थोडं थांबू. 2006 च्या ‘चाइल्डकेअर ॲक्ट’ने आठ वर्षांखाली नोंदणी सक्तीची ठेवली, त्यावरच्या मुलांसाठी ऐच्छिक केली. वर्षात 14 दिवसांपर्यंतच चालणाऱ्या केंद्राला नोंदणीतून सूट मिळाली. आता ईस्टरच्या सुट्टीतला क्लब किती दिवस चालतो, ते मोजा. 2014 मध्ये शाळेत जाऊ लागलेल्या लहान मुलांसाठी सुट्टीतल्या केंद्रात ठरावीक प्रमाणाऐवजी ‘पुरेशी माणसं’ असा शब्द आला. पुरेशी म्हणजे किती, हे चालवणाऱ्यानेच ठरवायचं. 2019 पासून ऑफस्टेड या क्लबना उत्तम, चांगलं अशी श्रेणी देत नाही. अटी पाळल्या की नाही, एवढंच सांगतं.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. अटी फार वाढवल्या तर क्लब महाग होतात, बंद पडतात, आणि मूल पुन्हा एकटं घरी राहतं. पण मग आई-वडिलांच्या हाती माहिती काय उरते? ‘अटी पाळल्या’ हा शेरा अनेकांना ‘सांभाळ चांगला आहे’ असा वाटतो, आणि हे दोन्ही एक नव्हे. सकाळी आठला सोडलेलं सहा वर्षांचं मूल संध्याकाळी सहाला घरी येतं. मोसमापुरती नेमलेली तरुण मुलंमुली त्याच्याकडे बघतात. सोमवारी ज्या ताईला त्याची शेंगदाण्याची ॲलर्जी सांगितली, तीच गुरुवारी असेल का? पाच वर्षांखालच्या मुलासाठी एक ठरावीक जबाबदार व्यक्ती नेमावी, असा नियम आहे. मूल मोठं झालं की हा आग्रह संपतो. डोकी मोजता येतात, ओळख मोजता येत नाही, म्हणून ती नियमातून गळते.

आणि तराजू? तोही परत आला. 2020 मध्ये फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्डने सुट्टीतल्या भुकेवर मोहीम उघडली. 2021 पासून सरकारने सुट्टीतला खेळ आणि जेवण यांची योजना इंग्लंडभर नेली. ब्रॅडफर्डनंतर शंभराहून अधिक वर्षांनी तीच गोष्ट नव्याने सिद्ध करावी लागली.

आज तिथल्या कितीतरी मराठी घरांतही उन्हाळ्याच्या सहा आठवड्यांसाठी भारतातून आजी-आजोबांना बोलावतात. ज्यांना ते जमत नाही ते क्लब शोधतात. आपल्याकडेही आजोळ आक्रसतंय आणि मे महिन्यात शिबिरांच्या जाहिराती झळकताहेत. त्यात घोडेस्वारी असते, रोबोटिक्स असतं. तेव्हा या इतिहासातून निदान तीन प्रश्न आपण उचलूया. मुलाने दुपारी काय खाल्लं? किती मुलांमागे किती माणसं होती? आणि त्यांतल्या एकाला तरी त्याचं नाव ठाऊक होतं का? पहिला प्रश्न 1907 चा, दुसरा 1989 चा. तिसरा अजून कोणत्याही कायद्याने नीट विचारलेला नाही. तो फाटकाशी उभं राहून आपणच विचारायचा आहे.