नावावरची उचल

बाजाराला गेलेलं माणूस दिवेलागणीपर्यंत परतलं नाही की आजी म्हणायची, "बसऱ्याला गेलं जनू." तिचा थोरला चुलता तिकडं गेला होता. तिच्या जन्माआधीच.

शिरोळकडच्या एका बागायतदाराकडं तो सालगडी होता. पाडव्याला साल ठरायचं: पोटाला जोंधळा, अंगाला धोतरजोडी, एक घोंगडं, एक पायताण. दिवसा मोट हाकायची, गुऱ्हाळ लागलं की रात्रभर चुलवाणात चिपाडं सारायची. बहिणीच्या लग्नाला त्यानं उचल घेतली होती आणि ती फिटेपर्यंत मालक बदलता येत नव्हता. अशात पहिलं महायुद्ध लागलं. पलटणीत शिपायाला महिना अकरा रुपये रोख मिळत. शाहू महाराजांचंही मराठ्यांनी सैन्यात जावं म्हणून उत्तेजन होतं. पुस्तकांत या भरतीला लढवय्या परंपरा म्हणतात. आजीच्या तोंडी तो शब्द कधी आला नाही. "उचल फेडाय गेला," एवढंच ती सांगायची.

बसरा हे इराकमधलं बंदर. तिथून पलटणी टायग्रिस नदीच्या काठानं बगदादकडं निघाल्या. जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनला लढाई झाली, फौज मागं हटली आणि कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात सापडली. वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपत आलं तेव्हा घोडी कापायला सुरुवात झाली. हिंदी शिपाई ते मांस खाईनात. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती बिनतारी संदेशानं मागवली, तरी कित्येकांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत तोंड लावलं नाही. पाला शिजवून खाल्ला, स्कर्व्ही झाली.

शेजारच्या गावचा एक सोबती लढाईनंतर परत आला. आजीच्या वडलांजवळ बसून त्यानं जे सांगितलं, ते आजी त्याच्याच शब्दांत सांगायची: "त्येनं घोडं खाल्लं न्हाई. म्हनला, गावात त्वांड कसं दावू? माझ्या भनीला सासरी नांदवतील व्हय?" २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंड शरण गेला. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. त्यांना बगदाद, मोसुल करत वाळवंटातून रास अल-ऐनपर्यंत चालवत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो वाटेतच गेली. चुलता एका दुपारी पायताण काढून बसला आणि उठला नाही. सोबत्याला थांबू दिलं नाही.

बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक उभं राहिलं. कबर न सापडलेल्या चाळीस हजारांवर माणसांचं. गोऱ्या शिपायांची नावं दगडात कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा. आपल्याकडं कित्येक गावांत चावडीच्या भिंतीत जी संगमरवरी पाटी आहे, तिच्यावरही तेच: गावातून इतके गेले, त्यातले इतके मेले. जो माणूस गावात तोंड दाखवता यावं म्हणून उपाशी राहिला, त्याचं नाव लिहायला कुणाला दगड पुरला नाही. हा अन्याय होता आणि दुसरा शब्द मला वापरायचा नाही.

आमच्या माहितीत त्याचं नाव एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, मालकाच्या वहीत. नावापुढं उचल होती. ती धाकट्या भावानं, म्हणजे माझ्या पणजोबांनी, चार सालं राबून फेडली. आमच्या घरात मात्र त्याला सगळे 'बसऱ्याचा' म्हणत. खरं नाव आजीच्या ओठांवर कधी आलं नाही आणि मीही वेळेत विचारलं नाही. वही बघायला जायचं म्हणत राहिलो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मालकाच्या वाड्याचा खालचा मजला बुडाला. वहीचा लगदा झाला.

अशा शिपायांना वेगळी वागणूक दिल्याचं, ही स्मारकं उभारणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबरी आयोगानं २०२१ मध्ये कबूल केलं आणि माफी मागितली. आयोगाच्या नोंदींत यांतली पुष्कळ नावं आहेत, काहींपुढं बापाचं नाव आणि गावही आहे. शोधायला हाती नाव मात्र हवं. तुमच्या घरात असा कुणी 'बसऱ्याचा' असेल, तर ज्यांना त्याचं नाव आठवतं त्यांच्याजवळ आजच जाऊन बसा आणि ते लिहून घ्या.