आकाशातला सिग्नल कुणाचा? कॅरिअर आयडीची छोटी गोष्ट

आषाढीला आपल्या पंढरपुरात छपरावर तबकडी असलेल्या ओबी व्हॅन तुम्ही पाहिल्या असतील. ती तबकडी सुमारे 36,000 किलोमीटर वरच्या उपग्रहाकडे सिग्नल पाठवते. बहुतेक उपग्रह 'कोण बोलतंय?' असं विचारतच नाहीत. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर जे येईल ते वाढवायचं आणि खाली सोडायचं, एवढंच त्यांचं काम. त्यामुळे एका व्हॅनची दिशा किंवा पोलरायझेशन चुकलं, की दुसऱ्याच कुणाचं चित्र फुटतं. आणि चूक कुणाची, हे कळत नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न ओळखीचा वाटेल: कागद हातात आहे, पण लिहिणारा कोण?

27 एप्रिल 1986. अमेरिकेत मध्यरात्र उलटली होती. एचबीओवर सिनेमा चालू असताना पडद्यावर 'कॅप्टन मिडनाइट' नावाने दराविरुद्ध मजकूर झळकला आणि साडेचार मिनिटं राहिला. कुणीतरी जास्त ताकदीचा सिग्नल पाठवून मूळ सिग्नल दाबला होता. तपास कसा झाला, ते नीट बघा. एवढी मोठी तबकडी कुणाकडे आहे? पडद्यावरची अक्षरं कोणत्या यंत्राची? अक्षरांच्या वळणावरून हस्तलिखिताचा काळ ठरवतात, तसंच हे! त्यात एका प्रवाशाने सार्वजनिक फोनवरचं बोलणं ऐकून खबर दिली. शेवटी फ्लोरिडातल्या ओकाला इथल्या केंद्रावरचा कर्मचारी जॉन मॅकडूगल सापडला. दंड झाला 5,000 डॉलर.

यानंतर अमेरिकेने व्हिडिओ सिग्नलसोबत ओळख पाठवण्याची सक्ती केली, तीही मोर्स कोडमध्ये. पण ती पद्धत ॲनालॉगसाठी होती. डिजिटल प्रसारण आलं आणि ती कालबाह्य झाली. 2013 मध्ये डीव्हीबी-सीआयडी हे नवं मानक आलं. यात मूळ कॅरिअरखाली अतिशय क्षीण, पसरवलेला सिग्नल असतो. त्यात यंत्राचा 64 बिटांचा क्रमांक जातो; शिवाय अक्षांश-रेखांश आणि संपर्काचा फोनही भरता येतो. मूळ कार्यक्रम उलगडता आला नाही तरी ही ओळख वाचता येते, खरी गंमत ही आहे.

आता संशोधकाच्या नजरेने बघा. क्रमांक यंत्र स्वतः देतं, फोन मात्र माणूस टाइप करतो. मॉड्युलेटर विकला गेला आणि नव्या मालकाने नोंद बदलली नाही, तर फोन जुन्याच माणसाला जाणार. व्हॅन काल सोलापुरात होती, आज पंढरपुरात आहे. जागा हाताने भरली असेल तर ती कालचीच राहते, म्हणून जीपीएस जोडलेलं बरं. नुसत्या क्रमांकावरून मालक कळत नाही, त्यासाठी नोंदणीची यादी लागते. म्हणजे एकाच ओळखपत्रात दोन साधनं आहेत: एक यंत्राने उमटवलेलं, दुसरं माणसाने लिहिलेलं. त्यांची विश्वासार्हता वेगवेगळी तपासावी लागते.

भारतात प्रक्षेपणाआधी चाचणी घेण्याची पद्धत आहे. आधी कमी ताकदीने नुसता कॅरिअर चढवायचा, फोनवरून नियंत्रण कक्षाचा होकार घ्यायचा, मगच पुढे जायचं. त्या फोनची नोंद कुणी, कुठल्या वहीत ठेवली, हे शोधायला निघालात तर तिथे एक प्रबंध दडलेला आहे.