गंगनाथ विद्यालयातून हिमाच्या वाटेवर

बर्फावर पाऊल रोवण्याची विद्या आणि वडोदऱ्यासारखी उष्ण, सपाट मुलखातील नगरी यांचा संबंध काय, असे वाचकांस सहजच वाटेल. परंतु या नगरीतून हिमालयाकडे गेलेली एक वाट बंद पडलेल्या एका शाळेच्या दारातून निघाली, हे आमच्या समाजातही थोड्यांसच ठाऊक आहे.

अरविंदबाबूंचे स्नेही बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांच्या प्रेरणेने चाललेल्या गंगनाथ विद्यालयात शिक्षकांस घरच्या नात्यांनी हाक मारण्याची चाल होती. विठ्ठल लक्ष्मण फडके तेथे ‘मामा’ झाले आणि दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर ‘काका’. कालेलकरांचा जन्म 1 डिसेंबर 1885 चा, साताऱ्याचा. घराणे सावंतवाडीकडील सारस्वतांचे. 1910 साली ते या विद्यालयात आले. पुढे इंग्रज सरकारच्या रोषामुळे विद्यालयास टाळे लागले, आणि 1912 साली काकांनी स्वामी आनंद व अनंतबुवा मर्ढेकर यांच्यासह पायी हिमालयाची वाट धरली. त्या यात्रेचे वर्णन ‘हिमालयनो प्रवास’ या नावाने 1924 साली गुजरातीत ग्रंथरूप झाले. गांधीजी त्यांस ‘सवाई गुजराती’ म्हणत, ते उगीच नव्हे!

त्या काळच्या यात्रेकरूजवळ बर्फासाठी साधने ती कोणती? लोखंडी टोकाची काठी, घोंगडी आणि वाटाड्याचा शब्द. काश्मिरात भाताच्या काडाचे ‘पुलहोर’ पायांत घालीत. ओल्या बर्फावर ते चामड्याच्या जोड्याहून कमी घसरते. पहाटे बर्फ घट्ट असतो, दुपारी उन्हाने भुसभुशीत होतो; म्हणून उतरणीवरची हिमाची पट्टी सकाळीच ओलांडावी. ओढ्यावर साचलेला हिमाचा पूल वरून भक्कम दिसला तरी खालून पाण्याने पोखरलेला असतो. हे ज्ञान पहाडी माणसाचे. मैदानातला यात्रेकरू त्याच्या पावलावर पाऊल टाकून जाई. (बद्रीनाथाचे रावळ केरळातील नंबूदिरी. समुद्रकाठच्या त्या ब्राह्मणासही हिम हा प्रथम परकाच!)

याच सुमारास युरोपात निराळाच उद्योग चालला होता. तेथे वाटाडे कुऱ्हाडीने बर्फात एकेक पायरी खोदीत आणि मागचे लोक त्या पायऱ्यांनी चढत. 1908 साली ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज गिर्यारोहकाने बुटाखाली बांधावयाच्या दहा दातांच्या क्रॅम्पॉनचा आराखडा केला. इटलीतील ग्रिव्हेल या लोहारघराण्याने तो घडविला. 1929 साली त्यांनीच पुढे झुकलेले दोन दात जोडले, आणि उभ्या बर्फात बुटाची टोके मारून चढणे शक्य झाले.

देवाच्या दारी जावयाचे तर असली हत्यारे कशाला, असा प्रश्न आमच्यातील वडीलधारे करतात. आम्हांस तो पटत नाही. नर्मदेत स्नानास उतरणारा पोहणे शिकला म्हणून त्याची भक्ती उणावत नाही. तेनसिंग यांच्या एव्हरेस्ट-विजयानंतर 4 नोव्हेंबर 1954 रोजी दार्जिलिंगला हिमालय पर्वतारोहण संस्था स्थापन झाली. 1965 साली गंगोत्रीच्याच वाटेवर, उत्तरकाशीस, नेहरू पर्वतारोहण संस्था. गुजरातच्या तरुणास अबूच्या सरकारी संस्थेत खडक चढणे शिकता येते, पण तेथे हिम कुठले! त्यासाठी उत्तरेसच जावे लागते. विद्या आली म्हणजे भय सरले, असे मात्र नव्हे. 4 ऑक्टोबर 2022 रोजी ‘द्रौपदी का डांडा’ या शिखरावर उत्तरकाशीच्याच संस्थेचे पथक हिमकड्याखाली सापडले. पंचवीसांहून अधिक जण गेले, त्यांत शिकविणारेही होते.

बर्फाच्या शिक्षणात चढण्याइतकेच महत्त्व घसरण्याला असते. सौम्य उतारावर विद्यार्थ्याने मुद्दाम घसरावयाचे, घसरता घसरता पालथे व्हावयाचे, कुऱ्हाडीचे टोक छातीखाली धरून सर्व भार त्यावर घालावयाचा आणि थांबावयाचे. मग पुन्हा वर चालत जाऊन पुन्हा घसरावयाचे. शरीर विचार न करता थांबू लागेपर्यंत.